काळ्या गाडीवरचे स्वर्ल मार्क्स घरी काढायचेत, मशीनला हात लावू की नको?

काळीगाडी
नमस्कार मंडळी. गाडी काळी, सेकंडहँड घेतलेली. सावलीत उभी असली की बघत बसावी अशी, पण उन्हात नेली की बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक ओरखड्यांचं हे एवढं कोळ्याचं जाळं (तेच ते स्वर्ल मार्क्स), आणि रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्यांखाली तर ही आपलीच गाडी आहे हे सांगायला नको वाटतं. व्हिडिओ बघून बघून डोकं भंजाळलंय. एक म्हणतो कंपाउंड (जास्त खरखरीत पॉलिश) मारा, दुसरा म्हणतो कंपाउंड मारलंत तर रंग गेला समजा, तिसरा म्हणतो काहीच करू नका सरळ सिरॅमिक कोटिंग करा, सगळं झाकलं जातं. मला स्वतः करायचंय, सुट्टीत वेळ आहे, पण पॉलिशिंग मशीन आयुष्यात धरलेलं नाही. हाताने होतं का? मशीनने क्लिअर कोट उडतो का? आणि सगळे ओरखडे जातात का, म्हणजे नव्यासारखी होते का? जाणकारांनी प्रकाश टाकावा (गाडीवर नको, तिथे आधीच जास्त दिसतंय).

मायक्रॉन
प्रकाशापासूनच सुरू करतो. ते ओरखडे गोल नसतातच. सगळ्या दिशांना गेलेले बारीक सरळ-वाकडे ओरखडे असतात, पण दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती जे आडवे पडतात तेवढेच चमकून डोळ्यात येतात, म्हणून गोल दिसतं. टॉर्च हातात धरून हलवून बघ, ते जाळं टॉर्चबरोबर सरकेल. त्यामुळे 'गोल गोल पुसलं म्हणून असं झालं, सरळ पुसा' हा सल्ला अर्धाच खरा आहे. घाणेरड्या फडक्याने सरळ पुसलं तरी ओरखडे पडणारच, फक्त सरळ पडतील.

आता रंग. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतं आणि त्यात क्लिअर ३५ ते ५० च्या आसपास. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे अख्खा क्लिअर कोट केसापेक्षा पातळ. स्वर्ल मार्क्स याच क्लिअरच्या वरच्या भागात असतात. पॉलिशने ओरखडा भरत नाही, ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर खाली आणला जातो. हे एकदा डोक्यात बसलं की तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात. हलक्या पॉलिशने एखादा मायक्रॉन किंवा त्याहून कमी जातो, जड कंपाउंडने त्याच्या काही पट. उडतो का? एका वेळेला सहसा नाही. दरवर्षी हौसेने कंपाउंड मारलंस तर उडेल. आणि सगळे ओरखडे जातात का, तर जाऊ शकतात, पण घालवावेत का हा वेगळा प्रश्न आहे, त्यावर नंतर भांडू.

खटाटोपी
एवढं काही नसतं हो. टूथपेस्ट घ्या, ओल्या फडक्यावर लावा, घासा, काम तमाम. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच चालतं.

पॅडवाली
@खटाटोपी, टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते हे बरोबर, म्हणून थोडा फरक दिसतो. पण ती दातांसाठी बनवलेली आहे, रंगासाठी नाही, आणि ट्यूबागणिक तिचा खरखरीतपणा वेगळा. दाराच्या हँडलच्या वाटीत नखांचे ओरखडे असतात तिथे करून बघा एकवेळ, अख्ख्या काळ्या बॉनेटवर नको. त्यानंतर जो धुरकटपणा येतो तो काढायला परत पॉलिशच लागतं. रॉकेल-डिझेलचा बोळा फिरवणं हाही त्यातलाच प्रकार, तेलकट थर ओरखड्यात बसतो, दोन दिवस गाडी चमकते, पाऊस पडला की मूळपदावर.

@काळीगाडी, मशीनचं नंतर बघू. आधी मला सांगा गाडी धुता कशी? कारण स्वर्ल मार्क्स बहुतेक धुण्यातून आणि पुसण्यातून येतात. कोरड्या धुळीवर फडकं मारणं, पिसांचा झटकण्या फिरवणं, ब्रशवाल्या ऑटोमॅटिक वॉशमधून गाडी काढणं, एकाच बादलीत तेच फडकं बुडवून परत गाडीला लावणं. हे बदललं नाहीत तर पॉलिश करून काही उपयोग नाही, दोन महिन्यांत आहे तिथेच, आणि क्लिअर गेला तो गेलाच.

काळीगाडी
ताई, खरं सांगतो, सकाळी एक माणूस येऊन पुसून जातो. एक बादली, एक फडकं, आणि त्याच फडक्याने आधी चाकं का आधी टप हे मी कधी बघितलेलंच नाही.

पॅडवाली
मग उत्तर मिळालं :) आधी ते थांबवा. त्या माणसाला फार तर आतून आणि काचा पुसायला सांगा.

धुताना: आधी नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने धूळ, चिखल जेवढा सुटेल तेवढा सोडवायचा, हात न लावता. फोम गन असेल तर फेस मारून थोडा वेळ ठेवा पण वाळू देऊ नका, मग धुवून टाका. नंतर दोन बादल्या, एकात कार शॅम्पू, दुसऱ्यात साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवा, एक भाग धुवा, साध्या पाण्यात खळबळून काढा, मग परत शॅम्पूत. बादलीच्या तळाशी जाळी ठेवली तर रेती खाली बसते, वर येत नाही. वरून खाली यायचं, दरवाजांचा खालचा भाग आणि बंपर सगळ्यात शेवटी, आणि चाकांचा मोजा, बादली सगळं वेगळं. भांड्यांचा साबण रोजच्या धुण्याला नको, वॅक्स असेल तर तो उतरवतो. पॉलिश करायच्या आधी एकदा वापरलात तर मात्र चालेल, तेव्हा आपल्याला वॅक्स उतरवायचाच असतो.

कोरडं करताना घासायचं नाही. मोठा जाड मायक्रोफायबर टॉवेल पसरायचा, हलकं दाबायचं, उचलायचं.

वाचनमात्र_९
वाखुसा (वाचनखूण साठवली). वाचतोय.

रंगारी
पॅडवाली ताईंनी सांगितलं त्याला +१. त्यात भर घालतो. धुवून झालं की हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून ओल्या बॉनेटवरून बोटं अलगद फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागेल. ते चिकटलेले लोखंडाचे कण असतात, ब्रेकची धूळ, रेल्वे रुळाजवळ किंवा कारखान्याजवळ गाडी उभी राहत असेल तर जास्तच. डांबराचे ठिपके, झाडाचा चीक हे वेगळं. हे सगळं अंगावर असताना पॉलिश पॅड फिरवलं तर तेच कण सुटून पॅडमध्ये अडकतात आणि नवीन ओरखडे पाडतात.

लोखंडासाठी आयर्न रिमूव्हर, मारला की जिथे कण आहेत तिथे जांभळे ओघळ येतात. वास भयंकर येतो, मोकळ्या जागेत मारा, हातमोजे घाला, उन्हात तापलेल्या पत्र्यावर मारू नका आणि वाळायच्या आत धुवा. डांबराला टार रिमूव्हर. उरलंसुरलं क्ले बारने, म्हणजे चिकणमातीसारख्या मऊ वडीने. क्ले नेहमी भरपूर वंगण (क्लेसाठीचा स्प्रे, ग्रीस नव्हे) मारून, बिलकुल दाब न देता, आणि जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्या, धुवून परत वापरू म्हणणाऱ्यांच्या गाड्या मी बघितल्यात. अजून एक म्हणजे काळ्या गाडीवर क्लेने स्वतःचे बारीक ओरखडे पडतात, म्हणून पुढे पॉलिश करायचं नसेल तर नुसती हौस म्हणून क्ले करू नका.

शंकासूर
सगळं ठीक आहे पण मूळ प्रश्न राहिला. सिरॅमिक कोटिंगचा कडकपणा ९एच असतो म्हणतात, मग एवढी मेहनत कशाला? लावलं की ओरखडे पडतच नाहीत ना?

मायक्रॉन
शंका रास्त आहे. ते ९एच पेन्सिलच्या मापातलं आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली पृष्ठभागावर ठराविक कोनात दाबून ढकलतात आणि कुठल्या पेन्सिलीने चरा उठत नाही ते बघतात. खनिजांचा कडकपणा मोजतात ते मोह्स माप वेगळं, त्यात ९ म्हणजे माणिक-नीलमची जागा. जाहिरातीत दोन्ही एकच असल्यासारखं वाटतं आणि माणूस समजतो गाडीला नीलमचं कवच बसलं. कोटिंगचा थर असतोच जेमतेम एक-दोन मायक्रॉन. रेती असलेलं फडकं फिरवलं तर कोटिंगवरही ओरखडे पडतात. घाण कमी चिकटते, पाणी सरकतं, धुणं सोपं होतं, उन्हा-रसायनांपासून थोडं संरक्षण, हे फायदे खरे आहेत. पण कोटिंग पारदर्शक आहे. खालचे स्वर्ल तसेच दिसणार, आणि मग ते काढायचे म्हटलं की आधी लावलेलं कोटिंग घासून काढावं लागणार. म्हणून आधी पॉलिश, मग कोटिंग.

खडी-वाळू उडून टवके पडू नयेत म्हणून हवं असेल तर ते पीपीएफचं (पेंट प्रोटेक्शन फिल्मचं) काम, ती फिल्मच जाड असते, वरचे बारीक ओरखडे उष्णतेने भरूनही येतात. पण तो वेगळा धागा होईल.

काळीगाडी
अपडेट. धुतली, आयर्न रिमूव्हर मारला, मागची दारं आणि डिकी जांभळी जांभळी झाली, बघून घाबरायला झालं. क्ले पण केलं. मित्राकडून जाडी मोजायचा गेज आणला. बॉनेट १०५ ते ११५ मायक्रॉन, टप ११० च्या आसपास, उजवी दारं १२० पर्यंत. आणि पुढचं डावं दार २३० ते २६०!! विकणारा म्हणाला होता एकही पॅनल रंगवलेलं नाही. आणि बंपरवर गेज काहीच दाखवत नाही, बिघडला का?

रंगारी
गेज बरोबर आहे, बंपर प्लॅस्टिकचा आहे आणि तो गेज फक्त धातूवर चालतो. दार मात्र पुन्हा रंगवलेलं आहे, यात शंका नको. घाबरू नकोस, २५० म्हणजे वर आणखी एक रंगकाम झालंय इतकंच, पुट्टी भरलेली असती तर आकडे याच्या कितीतरी वर गेले असते आणि दर चार बोटांवर बदलले असते. विकणाऱ्याशी भांडायचं की नाही ते तू ठरव. आपल्या कामाचा मुद्दा असा की कंपनीत रंग १४० अंशांच्या आसपास भाजतात, तिथे गाडीत प्लॅस्टिक-वायरिंग काही नसतं. बाहेर डेंटिंग-पेंटिंगला उभी गाडी एवढी तापवता येत नाही, त्यामुळे रंगही वेगळ्या जातीचा, बहुतेक वेळा मऊ. बॉनेटवर पॅड-पॉलिशचं जे कॉम्बिनेशन चालेल ते या दारावर तसंच चालेल असं धरू नकोस, तिथे वेगळा टेस्ट स्पॉट (आधी करून बघायचा छोटा चौकोन) घे. आणि जाडी जास्त आहे म्हणून क्लिअर जास्त आहे असंही नाही, गेज एकूण जाडी सांगतो, त्यातला क्लिअर किती हे त्याला कळत नाही.

पॅडवाली
आता मशीन. तुम्हाला डीए (ड्युअल ॲक्शन) मशीनच घ्यायचंय, रोटरी नाही. डीएमध्ये पॅड फिरतं आणि जोडीला केंद्र सोडून हेलकावतंही, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही आणि जास्त दाबलंत तर पॅड फिरायचंच थांबतं. रोटरी गपकन गोल फिरते, कडेवर क्षणभर जास्त थांबली की क्लिअर गेला. शिवाय तिचे होलोग्राम, म्हणजे उन्हात दिसणारे ते लांब झुळझुळीत पट्टे. एका नामवंत म्हणवणाऱ्या ठिकाणाहून आलेली काळी गाडी बघितली होती, सावलीत आरसा आणि उन्हात पट्टेच पट्टे. १५ मिलिमीटर थ्रोचं (थ्रो म्हणजे हेलकाव्याचं माप) डीए आणि १२५ मिलिमीटरची बॅकिंग प्लेट (पॅड चिकटवायची तबकडी) नवशिक्याला बरी. २१ चं सपाट बॉनेटवर पटापट काम करतं पण वळणांवर पटकन अडखळतं.

पॅड एकदोन नाही, पाच-सहा घ्या. भरलेलं पॅड कापत नाही, नुसतं तापतं.

टेस्ट स्पॉट ही यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आणि व्हिडिओत हाच भाग पळवतात. बॉनेटवर दीड-दोन फूट चौकोन टेपने आखा. सुरुवात सगळ्यात सौम्यपासून, मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. मशीन बंद असतानाच पॅड टेकवून पसरवा, मग सगळ्यात कमी वेगावर, मग ४-५ वर. हात हळू, इतका हळू की कंटाळा यावा, सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर. आधी आडवे, मग उभे, प्रत्येक फेरी आधीच्या निम्म्यावर चढवून, अशा चार-सहा फेऱ्या. बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ मारून ठेवा, पॅड फिरतंय का नुसतं थरथरतंय ते रेघेवरून कळतं. पुसा, मग पाण्यात १० ते १५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून त्याने पुसा. हे टाळू नका, पॉलिशमधलं तेल ओरखडे झाकून ठेवतं आणि माणूस उगाच खूश होतो. मग टॉर्च लावून बघा. पुरेसं झालं नसेल तर आधी पॉलिश तेच ठेवून पॅड थोडं कडक, मग मध्यम पॉलिश, आणि तरीही नाही तर कंपाउंड. जिथे 'बरं दिसतंय' वाटलं तिथे थांबायचं, तेच कॉम्बिनेशन अख्ख्या गाडीला.

आणि हो, बॉनेटच्या उठलेल्या रेघा, दारांच्या कडा, चाकावरची कमान इथे रंग पातळ असतो, टेप लावा. काळ्या प्लॅस्टिकलाही लावा, पॉलिश वाळून पांढरं झालं की निघता निघत नाही. गाडी सावलीत, पत्रा थंड. अंगठी, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल काढून ठेवा, वायर खांद्यावरून मागे टाका, डोळ्याला चष्मा.

लालपरी_मालक
मध्येच विचारतो. माझी जुनी लाल गाडी आहे, रंग गुलाबीसर पडलाय. हाताने पॉलिश लावून बघितलं तर फडकं लालेलाल. क्लिअर कोट फुटला का?

मायक्रॉन
नाही हो. तुमच्या गाडीला बहुतेक क्लिअर कोट नाहीच, सिंगल स्टेज रंग आहे, रंगाचा थरच सगळ्यात वरचा. फडक्यावर रंग येणं तिथे नॉर्मल. आणि असे रंग पॉलिशने फार सुंदर उजळतात, वरचा मेलेला थर निघाला की खालचा लाल दिसतो. मात्र क्लिअर कोटवाल्या गाडीवर कधी पॅडला गाडीचा रंग लागला तर मशीन तिथल्या तिथे बंद, तो क्लिअर संपल्याचा इशारा. तसंच टपावर-बॉनेटवर पांढरे पापुद्रे सुटत असतील तर पॉलिशने काहीही होत नाही, तो क्लिअर मेलाय, रंगवावंच लागतं. आणि मॅट फिनिशच्या गाडीला पॉलिश कधीच नाही, ती चमकायला लागते आणि परत मॅट होत नाही.

काळीगाडी
बॉनेट केलं! फिनिशिंग पॉलिशने काहीच हललं नाही, मध्यम पॉलिश आणि मध्यम पॅडने जाळं जवळपास साफ. पण दोन तक्रारी. एक, बंपरजवळच्या वळणावर मार्करची रेघ फिरायची थांबते. दोन, ते पुन्हा रंगवलेलं डावं दार, तिथे ओरखडे गेले पण ढगाळ धूसर दिसतंय, आधीपेक्षा वाईट.

पॅडवाली
वळणावर दाब कमी करा, पॅड सपाट टेकलं पाहिजे, एका कडेवर उभं राहिलं की थांबतंच. छोटं ३ इंची पॅड मिळालं तर सोनं. आणि प्लॅस्टिक बंपरवर उष्णता पत्र्यासारखी पसरत नाही, तिथे मधेमधे हात लावून बघा, चटका लागत असेल तर थांबा.

दाराचं रंगारींनी आधीच सांगितलंय, तो रंग मऊ आहे. मध्यम पॅडने ओरखडे काढले आणि स्वतःच्या बारीक खुणा सोडल्या. नवीन मऊ पॅड, फिनिशिंग पॉलिश, दाब फक्त मशीनच्या वजनाचा. निघेल. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करताय ना?

परफेक्ट_फिनिश
बॉनेटचा फोटो झूम करून बघितला, अजून सहा-सात खोल रेघा आहेत. आता कंपाउंड आणि मायक्रोफायबर पॅड मारा म्हणजे संपूर्ण जातील. एवढं करून अर्धवट सोडायचं म्हणजे काय.

मायक्रॉन
हेच ते भांडण, म्हटलं होतं ना. @परफेक्ट_फिनिश, त्या रेघांवर नख फिरवल्यावर अडकतं का ते आधी बघू द्या. अडकत असेल तर ती बहुतेक पॉलिशच्या आवाक्याबाहेर आहे, तळ गाठायला अख्ख्या बॉनेटचा क्लिअर तेवढा खाली आणायचा म्हणजे सहा रेघांसाठी सगळं पॅनल पातळ करणं. अडकत नसेल तरी माझं मत नाही. त्याची गाडी १०५ वर आहे, आधीच्या मालकाने किती वेळा घासलीय देव जाणे. ती रोज रस्त्यावर चालते, अजून काही वर्षांनी परत एकदा पॉलिश लागणारच, तेव्हा घासायला काहीतरी उरलं पाहिजे. आणि क्लिअर पातळ केला की ऊन झेलायची ताकदही कमी होते. रेघेच्या कडा पॉलिशने गोलसर झाल्या की ती फार चमकत नाही, पाच फुटांवरून दिसतही नाही.

परफेक्ट_फिनिश
शो कार असती तर तुम्हीही हेच म्हणाला असता का?

मायक्रॉन
नाही, तेव्हा तुमच्या बाजूने भांडलो असतो. शो कार कोणी रोज पार्किंगमध्ये लावत नाही.

रंगारी
आणि ते सँडपेपरचं नाव कोणी काढायच्या आत सांगतो, ३००० नंबरचा बारीक पेपर का असेना, घरी पहिल्या गाडीवर नाही. करायचंच तर भंगारातून एक बॉनेट आणा आणि त्यावर हात साफ करा.

काळीगाडी
नख तीन रेघांवर अडकतं. तशाच ठेवल्या. बाकी गाडी पूर्ण झाली, दारही मऊ पॅडने स्वच्छ निघालं. उन्हात नेऊन उभी केली तेव्हा बायको म्हणाली बदलली का गाडी. आता वर काय लावू, वॅक्स का सीलंट का कोटिंग?

पॅडवाली
मस्त! अभिनंदन. कार्नौबा वॅक्स काळ्या रंगावर छान दिसतं पण काही आठवडे, फार तर दोनेक महिने. सिंथेटिक सीलंट त्याहून बरंच जास्त टिकतं आणि लावायला सोपं, चुकलं तरी पुसता येतं. कोटिंग वर्ष-दोन वर्षं जातं पण लावताना जास्त वेळ राहू दिलं की डाग बसतात आणि ते पॉलिशनेच निघतात. पहिल्या वेळेला मी सीलंटच सांगेन. धुण्याची सवय बसली की पुढच्या वेळी कोटिंग. मायक्रोफायबर वेगळे धुवा, सुती कपड्यांबरोबर नाही, फॅब्रिक सॉफ्टनर नाही, टॉवेलच्या कडेची लेबलं कापून टाका, आणि जमिनीवर पडलेला टॉवेल त्या दिवशी रंगाला लावायचा नाही.

शंकासूर
उपप्रश्न. एवढं करून गाडी कव्हर घालून ठेवली तर ओरखड्यांपासून वाचेल ना?

रंगारी
उलट. धुळीच्या गाडीवर कव्हर ओढलं की ती धूळ आणि कव्हर मिळून घासतात, वाऱ्याने फडफडलं की रात्रभर. कव्हर फक्त स्वच्छ कोरड्या गाडीवर, आतून मऊ अस्तर असलेलं, आणि खालून घट्ट बांधलेलं. उघड्यावर वारा असेल तर घालूच नका.

काळीगाडी
अरेच्चा, माझं कव्हर डिकीतच आहे, आतून नुसतं ताडपत्रीसारखं. ते आता स्कूटरला. सीलंट उद्या लावतो, आणि सकाळच्या माणसाला काचांचं काम दिलंय, तो म्हणाला साहेब पगार तोच ना.